शीआन की बीजिंग?

चीनला पहिल्यांदाच चाललात आणि हाताशी दिवस मोजकेच असतील, तर माझं मत शीआनला. बीजिंगचा तोरा मोठा, हे कबूल. 1420 मध्ये पूर्ण झालेला राजवाडा आहे, चीनची भिंतही जवळच. पण राजवाड्याचं तिकीट पासपोर्ट दाखवून आधीच काढावं लागतं, सोमवारी तो सहसा बंद असतो, आणि आत चालून चालून पायांचे तुकडे पडतात. शहराची जुनी तटबंदी तर गेल्या शतकात बहुतेक पाडूनच टाकली. तिच्या जागी आता रिंग रोड आणि मेट्रो.

शीआनची तटबंदी मात्र शाबूत आहे. मिंग घराण्याच्या काळातली, जवळपास 14 किलोमीटरची, आणि वर फिरायला चक्क भाड्याची सायकल मिळते. ऊन उतरल्यावरच जा, वर सावलीचं नाव नाही. 1974 मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेलं मातीच्या पुतळ्यांचं सैन्य शहराबाहेर आहे, त्यात अर्धा दिवस जातोच. मुस्लिम मोहल्ल्यात पाओमो मागवलं की आधी हातात कडक रोटी देतात. ती आपणच बारीक कुस्करायची, मग त्यावर मटणाचा गरम रस्सा. घाईघाईत मोठे तुकडे केलेत तर मजा गेली! शाकाहाऱ्यांनी ल्यांगपी नावाच्या नूडल्स खाव्यात, तिखट आणि थंडगार.

शिवाय पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला चिनी बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग भारताकडे निघाला तो इथूनच. त्याने भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी 652 मध्ये उभारलेला पॅगोडा, पुढे डागडुजी होत, अजून उभा आहे.

भाषेची अडचण दोन्हीकडे सारखीच. वेगवान रेल्वेने मधलं अंतर पाच-सहा तासांचं. आठवडा मिळाला तर दोन्ही करा.