सॉफ्टवेअर मॅनेजरमधला तो छोटा ड्रॉपडाउन: लिनक्स मिंटवर दीड वर्ष

मी शाळेत विज्ञान शिकवते. आकृत्या काढायच्या, प्रयोगांचे व्हिडिओ कापायचे, मुलांनी पाठवलेल्या पीडीएफवर शेरे लिहायचे, हे सगळं काम ८ जीबी रॅमच्या एका लॅपटॉपवर चालतं. दीड वर्षापूर्वी त्यावर लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. मिंट दिसतं कसं, पळतं कसं, यावर पुष्कळांनी लिहून झालंय. मला लिहायचंय ते त्यातल्या सॉफ्टवेअर मॅनेजरबद्दल, म्हणजे अ‍ॅप्स शोधून घ्यायच्या जागेबद्दल. आपली रोजची अ‍ॅप्स आली की मगच मशीन आपलं वाटायला लागतं, आणि नवीन माणूस अडखळतो तोही नेमका इथेच.

पहिल्या दिवसाचा अनुभव फार चांगला होता. आकृत्यांसाठी इंकस्केप, आवाजासाठी ऑडॅसिटी, स्क्रीन रेकॉर्डिंगला ओबीएस, पीडीएफवर पेनने लिहायला झोर्नल प्लस प्लस. नाव शोधायचं, इन्स्टॉल दाबायचं, पासवर्ड द्यायचा, झालं. कुठल्या संकेतस्थळावर जाऊन चार खोट्या डाउनलोड बटणांतून खरं बटण हुडकायचं नाही, की इन्स्टॉल होताना चोरपावलांनी आलेला टूलबार नंतर काढत बसायचं नाही. अर्ध्या तासात मी कामाला लागले. लिब्रेऑफिस तर आधीपासूनच बसलेलं होतं.

खरी ओळख झाली ती गिंप या चित्रांवर काम करायच्या अ‍ॅपमुळे. एका सहकारी शिक्षिकेने पेशीच्या आकृतीची गिंपची मूळ फाइल पाठवली. माझ्याकडे ती उघडेचना. फाइलची आवृत्ती ओळखता येत नाही, असा संदेश यायचा. मला वाटलं फाइलच खराब आली, म्हणून दोनदा परत मागवली. फाइल ठणठणीत होती. तिच्याकडे मार्च २०२५ मध्ये आलेलं गिंप ३.० होतं, माझ्याकडे २.१०. आता मी रोज अपडेट करते, तरी माझं जुनं कसं?

याचं उत्तर मिंटच्या रचनेत आहे. मिंट २२ उभं आहे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमवर. त्यातली बहुतेक पॅकेजं, म्हणजे सिस्टिमच्या स्वतःच्या साठ्यातली अ‍ॅप्स आणि त्यांचे भाग, एप्रिल २०२४ च्या सुमाराला जिथे होती तिथेच थांबवलेली असतात. पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, २०२९ पर्यंत येतील, पण अ‍ॅपची नवी मोठी आवृत्ती सहसा येत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे आणि मला ते पटतं. परीक्षेच्या आदल्या रात्री अ‍ॅपचा चेहरामोहरा बदलून बसलेला मला नको असतो.

पण नवी आवृत्ती हवीच असेल तर? सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये अ‍ॅपच्या पानावर, इन्स्टॉलच्या बटणाजवळ, एक छोटा ड्रॉपडाउन असतो: सिस्टिम पॅकेज की फ्लॅटपॅक, म्हणजे सिस्टिमच्या साठ्यापासून वेगळं, स्वतंत्र बांधलेलं अ‍ॅप. मी कित्येक महिने त्याकडे पाहिलंही नव्हतं. तिथे फ्लॅटपॅक निवडलं आणि गिंप ३ आलं. जुनं तसंच राहिलं, मेन्यूत दोन्ही शेजारी शेजारी. तिची आकृती उघडली, बाणांची नावं दुरुस्त केली आणि तासाला वापरली. इतकी कामाची गोष्ट इतक्या कोपऱ्यात का ठेवली असेल, हे मला अजून कळलेलं नाही. निवडीखाली दोन ओळींचा खुलासा जरी दिला असता, तरी माझे दोन दिवस वाचले असते.

फ्लॅटपॅकची किंमत जागेत मोजावी लागते. अ‍ॅप आपल्याबरोबर स्वतःचा पाया, म्हणजे रनटाइम, घेऊन येतं. पहिल्या वेळी माझ्याकडे एका अ‍ॅपसाठी जवळजवळ १ जीबी उतरलं. पुढचं अ‍ॅप त्याच पायावर बसणारं असेल तर डाउनलोड बरंच कमी होतं. पण गिंप जीनोम नावाच्या पायावर बसतं आणि व्हिडिओ कापायचं केडेनलाइव्ह केडीई नावाच्या, म्हणजे दोन्ही हवेत. शिवाय अ‍ॅप काढून टाकलं तरी पाया मागे राहू शकतो. माझी डिस्क १२८ जीबीची, त्यामुळे महिन्यातून एकदा मी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडते आणि 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल' लिहून पुढे दोन डॅश देऊन 'अनयूज्ड' टाकते. काय काय जाणार ते तो आधी दाखवतो, मग विचारतो. गेल्या वेळी दोन जीबी मोकळे झाले.

दुसरी अडचण कुंपणाची. फ्लॅटपॅक अ‍ॅप एका कुंपणात चालतं आणि परवानगीबाहेरचं त्याला दिसत नाही. माझे व्हिडिओ आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर असतात. चित्रं लहान करणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये मी तिथला फोटो ओढून टाकला, तर काहीच घडेना. ना चित्र, ना काय चुकलं हे सांगणारा संदेश. तोच फोटो अ‍ॅपच्या ओपन बटणातून निवडला तर मात्र उघडला, कारण ती खिडकी कुंपणाबाहेरून चालते आणि निवडलेली तेवढी फाइल आत सोडते. इलाज आहे फ्लॅटसील नावाचं अ‍ॅप. डावीकडे अ‍ॅप निवडायचं, फाइलसिस्टिमच्या भागात दुसऱ्या डिस्कचा पत्ता जोडायचा, मग ते अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडायचं. मी संपूर्ण डिस्क न देता फक्त फोटोंचा फोल्डर दिला. मुलांचे फोटो आहेत, त्यामुळे कुठल्या अ‍ॅपने काय पाहावं हे माझ्या हातात असणं मला फार मोलाचं वाटतं.

आणखी एक. मिंट २२ मध्ये पडताळणी न झालेले फ्लॅटपॅक सुरुवातीला लपवलेले असतात. म्हणजे मूळ निर्मात्याकडूनच आलंय याची खात्री न झालेलं अ‍ॅप शोधात येतच नाही. एखादं नावाजलेलं अ‍ॅप सापडलं नाही तर ते लिनक्सवर नाहीच, असं समजू नका. प्राधान्यांत जाऊन ते दाखवायला सांगता येतं. मी ते बंदच ठेवलंय, बँकेचा किंवा पासवर्डचा संबंध असेल तिथे तर नक्कीच.

स्नॅपबद्दल, म्हणजे उबुंटूच्या फ्लॅटपॅकसारख्याच प्रकाराबद्दल विचाराल, तर २०२० मधल्या मिंट २० पासून तो इथे मुळातच अडवलेला आहे. मला त्याची गरज पडली नाही.

पीपीएबद्दल, म्हणजे सिस्टिमला बाहेरून जोडलेल्या परक्या पॅकेजांच्या साठ्यांबद्दल, मात्र कळकळीने सांगते. मिंट २२ च्या आधीच्या मशीनवर कुठेतरी वाचून मी तीन ओळी टर्मिनलमध्ये चिकटवल्या होत्या. नवं अ‍ॅप आलं, सहा महिने छान चाललं, आणि सिस्टिम पुढच्या आवृत्तीवर न्यायची वेळ आली तेव्हा त्याच परक्या पॅकेजांनी वाट अडवली. शेवटी सॉफ्टवेअर सोर्सेसमधल्या मेंटेनन्सच्या पानावरून ती मूळ आवृत्तीवर आणावी लागली. तेच अ‍ॅप आज फ्लॅटपॅकमधून घेतलं असतं तर सिस्टिमच्या पॅकेजांना धक्काही लागला नसता. आता अशा ओळी मी चिकटवत नाही, आणि नवं काही मोठं घालण्याआधी टाइमशिफ्टचा एक स्नॅपशॉट, म्हणजे बिघडलं तर परत जाता येईल अशी सिस्टिमची प्रत, घेऊन ठेवते. सोबतच येतो तो, वापरा.

परवा आठवीच्या वर्गासाठी स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं अ‍ॅप हवं होतं. ड्रॉपडाउनमध्ये दोन्ही पर्याय होते. आकाश काही आवृत्तीगणिक बदलत नाही, म्हणून सिस्टिम पॅकेजच घेतलं. प्रोजेक्टरला लावलं, वर्गात नेट नव्हतं, तरी शनीपर्यंत झूम करत गेलो आणि कडी दिसली तसा मागच्या बाकांवरून आवाज आला, "बाई, अजून जवळ!"