१/४३ मधल्या फ्रेंच ल माँ गाड्या: रेझिन घ्याव्यात की डायकास्ट?

फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावलेल्या फ्रेंच प्रोटोटाइपचीच (खास शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांची) मॉडेलं गोळा करायची आणि तीही १/४३ मध्येच, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढी, इथपर्यंत ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यापुढचा प्रश्न बऱ्याच जणांना अडवतो. १९७२ची मात्रा एमएस६७० ही गाडी रेझिनमध्ये (ओतून घट्ट केलेलं प्लॅस्टिक) मिळते आणि डायकास्टमध्येही (साच्यात दाबून भरलेला धातू). १९७८ची आल्पिन ए४४२बी, १९८०ची राँदो, १९९२ आणि १९९३च्या प्यूजो ९०५ यांचंही तसंच. उत्पादकांपैकी रेझिनकडे स्पार्क आहे, बिझार आहे, जुन्या प्रोव्हाँस मुलाजच्या गाड्या आहेत. डायकास्टकडे इक्सो, नोरेव्ह, सोलिडो. किमतीत मला साधारण दुपटीचा फरक दिसत आलाय, त्यात आपल्याकडे कस्टम ड्युटीची भर. काही गाड्या मी दोन्ही प्रकारांत घेतल्या आणि एकाच फळीवर शेजारी ठेवल्या. तेव्हा जे दिसलं ते सांगतो.

आधी रेझिनची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. आल्पिन ए४४२बी डोळ्यांसमोर आणा. पिरोनी आणि जोसो या ड्रायव्हरांनी जिच्यातून ल माँ जिंकली त्या या गाडीच्या कॉकपिटवर हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून पारदर्शक घुमट बसवला होता. त्याने वेग मिळाला, पण आतली उष्णता भयंकर वाढली आणि शर्यतीनंतर पिरोनी थकव्याने कोसळला. म्हणजे या गाडीची सगळी गोष्ट त्या घुमटाखाली घडली आहे. डायकास्टमध्ये हा भाग साच्यातून काढलेल्या जाड प्लॅस्टिकचा असतो. त्याच्या कडेला प्रकाश अडतो, आतलं सगळं फुगून वाकडं दिसतं आणि सीटवरचे पट्टे नुसते रंगाचे ठिपके वाटतात. माझ्याकडच्या रेझिन मॉडेलमध्ये तोच घुमट पातळ पापुद्र्याचा आहे. आतलं स्टिअरिंग, पट्ट्यांची बकलं, डॅशबोर्डवरच्या तबकड्या, सगळं स्वच्छ दिसतं. ही गाडी पाहिल्यावर माझं मन रेझिनकडे झुकलं होतं, हे मान्य करायला हवं.

शिवाय सत्तरच्या दशकातले फ्रेंच प्रोटोटाइप बहुतेक उघडे. छप्पर नसल्यामुळे आतलं काहीच लपत नाही, आणि तिथे रेझिनवाल्यांचा हात जास्त बारीक चालतो. पत्र्याच्या कोरलेल्या जाळ्या, आरशांचे दांडे, मागच्या पंखाच्या कडा कागदासारख्या पातळ असतात.

दुसरी गोष्ट निवडीची. डायकास्टला जस्ताचा मिश्रधातू दाबाने भरायला पोलादी साचा लागतो. तो महाग पडतो, म्हणून हजारोंनी खपेल अशीच गाडी तिथे निघते. रेझिन ओततात सिलिकॉनच्या साच्यात. तो स्वस्त असतो, पण थोड्याच नगांत झिजतो, त्यामुळे कमी खपणारी गाडीही परवडते. १९६८ची आल्पिन ए२२० किंवा १९८८ मध्ये रॉजे दोर्शीच्या हाती ताशी ४०५ किलोमीटरचा आकडा नोंदवणारी डब्ल्यूएम पी८८ मला तरी रेझिनमध्येच दिसल्या. जिंकलेल्यांबरोबर हरलेल्याही गाड्या हव्या असतील, तर रेझिनला पर्याय नाही.

इतकं सगळं असूनही माझ्या कपाटात आता डायकास्ट जास्त आहेत. कारण एकच: रेझिनच्या गाडीचं एक चाक हवेत राहतं.

ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण या गाड्यांच्या बाबतीत ते क्षुल्लक नाही. ल माँच्या युनोदिएरचा सरळ पट्टा १९९० मध्ये दोन शिकेन (वेग कमी करायला लावणारी वळणं) घातल्या जाईपर्यंत सलग सहा किलोमीटरच्या आसपास होता. त्यावर वेग मिळावा म्हणून मात्रासारखे संघ खास ल माँसाठी लांब शेपटाच्या बॉडी वापरत. मॉडेलमध्ये हे शेपूट म्हणजे मागच्या चाकांपलीकडे लोंबणारी एक रुंद, चपटी, पातळ पाटी. रेझिन उष्णतेने मऊ पडतं आणि बेसला घट्ट आवळलेल्या स्क्रूचा ताण त्याला हळूहळू ओढत राहतो. एका उन्हाळ्यानंतर माझ्या एका मात्राचं शेपूट डावीकडे किंचित उतरलं, आणि त्याबरोबर पुढचं उजवं चाक उचललं गेलं. कपाट सावलीत, काच बंद, ऊन कधीच पडलेलं नाही. वरून पाहिलं तर काही कळत नाही. गाडी डोळ्यांच्या पातळीवर आणली की मात्र ती डुगडुगणाऱ्या पाटासारखी बसलेली दिसते.

मोजायला मी काही यंत्र वापरलं नाही. बिलाच्या कागदाची पट्टी चाकाखालून सरकवली, ती अडली नाही. दुहेरी करून सरकवली, तरी गेली. अर्धा मिलिमीटर फट धरली तरी १/४३च्या हिशेबाने खऱ्या गाडीत ती दोन सेंटिमीटरहून जास्त होते. १९७२ मध्ये जिंकलेली पेस्कारोलो आणि ग्रॅहम हिल यांची मात्रा डांबराला चिकटून धावायची. तिचं सगळं सौंदर्य त्या बसण्यात आहे, आणि नेमकं तेच बिघडलं. एकदा नजरेला लागल्यावर मला त्या फळीवर दुसरं काही दिसेना. नंतर इतर रेझिन गाड्यांखालीही पट्टी फिरवली. काही सरळ निघाल्या, काही नाही. छपराच्या प्यूजो ९०५ ठीक होत्या, बहुधा छपरामुळे बॉडीला आधार मिळत असावा. उघड्या, लांब गाड्यांचाच त्रास जास्त होता.

हा अनुभव सगळ्यांना येईलच असं नाही. तुमच्या खोलीत एसी असेल, तुम्ही महाबळेश्वरला किंवा युरोपात राहत असाल, तर कदाचित तुमची मात्रा वर्षानुवर्षं सरळ राहील. नव्या मॉडेलांचं रेझिन सुधारलंय असं काही जाणकार सांगतात, आणि ते खरं असू शकेल. बेसचा स्क्रू थोडा सैल ठेवल्याने फरक पडतो, असं माझं निरीक्षण आहे. पण नागपूर-जळगावच्या मे महिन्यात रेझिनचं लांब शेपूट ठेवायचं असेल, तर मी दोनदा विचार करेन.

डायकास्टलाही दोष आहेतच. कडा जाड, पंखाचे उभे तुकडे बोजड, आणि मात्राच्या बारीक नळ्या बऱ्याचदा एकाच काळ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यात उरकलेल्या. जस्तात शिशाची भेसळ असली तर धातू आतून फुगून तडकतो, तो रोग वेगळाच. पण माझ्याकडे तो अजून तरी आलेला नाही. आणि धातूची गाडी चारही चाकांवर बसते. हातात घेता येते. पुसताना श्वास रोखावा लागत नाही.

जितान सिगारेटच्या जाहिरातीबद्दल थोडक्यात: १९७४च्या मात्रावर तंबाखूचं नाव होतं, आणि तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या फ्रान्सच्या १९९१च्या एव्हँ कायद्यानंतर बरेच उत्पादक ते गाळतात. हा प्रश्न दोन्ही प्रकारांत येतो, म्हणून त्यावरून निवड करू नका. वेगळी डिकॅल (चिकटवायची नावं-चिन्हं) मिळतात.

जुन्या सोलिडोंकडेही एकदा पाहा, असं मी आग्रहाने सांगेन. मात्रा ६७० आणि आल्पिन ए४४२ त्यांनी सत्तरच्या दशकात, या गाड्या प्रत्यक्ष धावत होत्या त्याच काळात काढल्या. बारकावे कमी, पण फ्रान्समधल्या मुलांनी त्या वर्षांत ज्या गाड्या जमिनीवर पळवल्या, त्याच या. मला त्यांचं फार अप्रूप आहे.

सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं, तर मी १९७२ची मात्रा डायकास्टमध्ये घ्यायला सांगतो. १९५०च्या ताल्बो-लागोनंतर फ्रेंच गाडीने ल माँ जिंकायला तेवढी वर्षं गेली, त्यामुळे संग्रहाचा पाया तीच. १९७३ आणि १९७४च्या पेस्कारोलो-लारूस गाड्याही धातूच्याच. राँदोही धातूची. ल माँमध्ये जन्मलेल्या झाँ राँदोने स्वतःच्या नावाची गाडी स्वतः चालवून तिथेच जिंकली. दुसऱ्या कुणाला हे जमलेलं नाही. रेझिनचे पैसे आल्पिन ए४४२बीसाठी राखून ठेवा, त्या घुमटापुढे माझा आक्षेप मी मागे घेतो. प्यूजो ९०५ मध्ये आतलं तसंही फारसं दिसत नाही, तेव्हा स्वस्त मिळेल ती घ्या. आणि लांब शेपटाची रेझिन गाडी घ्यायचीच असेल, तर विक्रेत्याकडून वरून काढलेला फोटो घेऊ नका. गाडी सपाट काचेवर ठेवून, कॅमेरा काचेच्या पातळीला आणून, दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो मागा, आणि चारही चाकांखाली प्रकाश दिसतोय का ते मोठं करून बघा.