चौकोन की एकेरी रांग? आशांतीच्या रानात इंग्रजांची चाल मांडताना

आशांतीची (आजच्या घानातला भाग) मोहीम टेबलावर युद्धखेळ म्हणून मांडणाऱ्याला इंग्रजांच्या बाजूने पहिला प्रश्न पडतो तो चालीचा. १८७४ मध्ये इंग्रज सेनापती वूल्सलीने चार दिवसांच्या अंतराने दोन वेगळ्या चाली वापरल्या, म्हणून निवड तिथूनच करावी.

३१ जानेवारी, आमोआफुलची लढाई: पोकळ चौकोन. मुख्य वाटेवर आघाडी, मागे रायफल ब्रिगेड ही पलटण आणि दोन्ही बगलांना सुमारे ३०० यार्ड आत शिरून समांतर वाट तोडत जाणारी एकेक तुकडी. बगलेने वळसा घालणं हा आशांतींचा हातखंडा. चौकोनाने तो अडतो. पण अख्खी फौज मग कोयत्याच्या वेगाने चालते. डावीकडे वाट पाडून घेताना इंजिनिअरांचा कॅप्टन बकल मारला गेला. झाडीत एक तुकडी दुसरीला दिसत नाही. बगल मागे राहिली की चौकोन वाकडा होतो आणि आपल्याच माणसांवर गोळी चालायची भीती असते. शिवाय मागची वाट उघडीच राहते: त्याच दिवशी मागच्या क्वार्मनच्या इंग्रज ठाण्यावर हल्ला झाला.

एकेरी रांगेला वाट तोडावी लागत नाही. हिशेब मात्र करून पाहा. ५०० शिपाई, डोक्यावर साधारण २५ किलो ओझं घेतलेले ७०० हमाल, माणशी दीड मीटर: रांग झाली १,८०० मीटर. ताशी ३ किलोमीटरने शेपूट डोक्याच्या जागी पोचायला ३६ मिनिटं. मधेच गोळीबार झाला की हमाल ओझी टाकून पळतात, वाट तुंबते, मागची तोफ पुढे येत नाही.

तरीही ४ फेब्रुवारीला ओर्दासूला वूल्सलीने सामान आधी गावात आणलं आणि ४२वी हायलँडर पलटण वाटेनेच सरळ पुढे सोडली, बाजूच्या गोळीबाराला न थांबता. संध्याकाळी आशांतींची राजधानी कुमासी हाती आली. हे जमलं कारण समोर ठासणीच्या बंदुका होत्या: भरायला वेळ, पल्ला तोकडा, आत शिशाचे तुकडे. आमोआफुललाही जखमी सुमारे दोनशे, मेलेले मोजकेच.

माझं मत: डाव छोटा असेल तर चौकोन, कुमासी गाठायची असेल तर रांग, पण हमाल मागे ठेवूनच.

१९०० ची मोहीम मांडणार असाल तर हे गणित बदलतं. तेव्हा आशांतींनी वाटेलगत ओंडक्यांच्या दोन रांगांमध्ये माती भरून तटबंद्या उभारल्या. ७ पौंडी तोफेचे गोळे त्यांवर वाया गेले. तेव्हाचा इंग्रज सेनानी विलकॉक्स याच्या शिपायांना शेवटी संगिनी लावूनच त्यांवर धावून जावं लागलं.