डी७२०० आणि १५०-६०० झूम, ८ महिने वापरल्यावर: फोटो शार्प नक्की कशाने झाले

निकॉनची डी७२०० (कॅमेरा बॉडी) आणि सेकंडहँड घेतलेली एक १५०-६०० एमएम झूम लेन्स, नोव्हेंबरपासून वापरतेय, फोटो बहुतेक पक्ष्यांचेच. पहिले तीन महिने खरंच रडू यायचं. अंधारात घर सोडून भिगवणला जायचं, नाव करायची, तीनचारशे फोटो काढायचे आणि घरी कॉम्प्युटरवर १००% ला बघितलं की फ्लेमिंगोचा डोळा सॉफ्ट आणि त्याच्या अलीकडचं पाणी मात्र कडक शार्प! हात हलतोय म्हणून १/२००० सेकंद शटर ठेवलं तरी तेच. बॉडी बदलायला हवी इथपर्यंत घरी बोलून झालं होतं.

जानेवारीच्या शेवटी गच्चीवरून तारेवरच्या कोतवाल पक्ष्याचा फोटो लाइव्ह व्ह्यूवर (म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस करून काढला आणि पिसं न् पिसं दिसलं, तेव्हा कळलं की लेन्सची काच चांगली आहे. व्ह्यूफाइंडरमधून बघतो तेव्हा फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाच्या खाली असतो, लाइव्ह व्ह्यूत तो थेट मेन सेन्सरवरून होतो. दोन्हींत फरक पडतोय म्हणजे बॉडी-लेन्सची जुळणी हुकलीय.

डी७२०० मध्ये त्यासाठी एएफ फाइन-ट्यून आहे, म्हणजे ऑटोफोकस थोडा पुढेमागे सरकवायची सेटिंग, -२० ते +२० (डी३००० आणि डी५००० सिरीजच्या बॉडीत हे मिळत नाही, घेण्याआधी बघा). गच्चीच्या दुसऱ्या टोकाला चहाचा खोका, शेजारी तिरकी पट्टी, कॅमेरा ट्रायपॉडवर, ६०० एमएम, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) पूर्ण उघडं, सेल्फ टायमर. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून परत लावायचा, एका आकड्याला पाच-सहा फोटो, नाहीतर फसायला होतं. माझा फोकस अलीकडे पडत होता म्हणून प्लसकडे गेले आणि +९ ला जमलं. अख्खी दुपार गेली पण पैसा शून्य.

बाकीचं पटकन सांगते. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) आहे, हललेलं जास्त दिसतं, त्यामुळे ६०० ला बसलेल्या पक्ष्यालाही १/१००० च्या खाली जात नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० झाला तर होऊ दे, नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो नाही सुधारत. अ‍ॅपर्चर एफ/८. एफ/१६ ला सगळं शार्प येईल असं मला वाटायचं, पण २४ मेगापिक्सेलवर तिथे डिफ्रॅक्शनने (छोट्या छिद्रातून प्रकाश पसरतो) उलट सॉफ्ट होतं. लेन्सवरचा स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढला, लांबच्या टोकाला फरक स्पष्ट दिसला. आणि ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, तेव्हा कुठलीच लेन्स काही करू शकत नाही, जवळ जा नाहीतर कॅमेरा बॅगेत ठेवा! नाववाल्या दादांना आधीच सांगते की पक्षी दिसला की मोटर बंद करा, आणि लेन्सखाली तांदूळ भरलेली कापडी पिशवी नावेच्या काठावर. ट्रायपॉड नावेत नकोच, सगळी थरथर वर येते.

फेब्रुवारीत परत गेले तेव्हा पट्टकादंब हंसाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे इतके स्वच्छ आले की मी नावेतच ओरडले.

१५० ला मात्र अजून किंचित सॉफ्ट येतं, कारण या बॉडीत एका लेन्सला एकच आकडा ठेवता येतो, झूमच्या दोन टोकांना वेगवेगळा नाही. मी ६०० चाच ठेवलाय, माझे जवळजवळ सगळे फोटो तिथेच निघतात.