ठाण्याच्या नौपाड्यातला टॅली-जीएसटी क्लास: शिकवणं चोख, नोकरीचं तेवढं विचारू नका

नाव मुद्दाम देत नाही, कारण सरांशी माझं भांडण नाही.

मी 1994 ची बी.कॉम. वागळे इस्टेटमध्ये नऊ वर्षं अकाउंट्स सांभाळले, 2003 ला सासूबाईंच्या आजारपणात सोडले. तेव्हा सेल्स टॅक्स होता. 2005 ला व्हॅट आला, 2017 ला जीएसटीने त्याला घालवलं. म्हणजे मधला अख्खा एक कर माझ्या कुकरच्या शिट्ट्यांत येऊन गेला.

कोर्स तीन महिन्यांचा. फी 14,500, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 17,110. दाराशी बोर्ड: ‘शंभर टक्के जॉब असिस्टन्स’.

शिकवतात मात्र जीव ओतून. सर जेमतेम तिशीचे, पण आधी वहीत नावे-जमा लिहून घेतात, मगच टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडू देतात. चौथ्या आठवड्यात त्यांनी एका हार्डवेअरवाल्याची खरेदीची 43 बिलं दिली, नावं खोडून. ती जीएसटी पोर्टलवरच्या 2बी शी, म्हणजे माल देणाऱ्यांनी भरलेल्या रिटर्नवरून तिथे तयार होणाऱ्या आपल्या खरेदीच्या यादीशी जुळवायची. माल देणाऱ्याने त्याचं रिटर्नच भरलं नसेल तर बिल तिथे दिसत नाही, आणि आपलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. दोन बिलं जुळेनात. एक असंच न भरलेलं. दुसऱ्यात जीएसटी नंबर टाकताना सुरुवातीच्या 27 चे 24 झाले होते. पहिले दोन आकडे राज्याचे, 27 महाराष्ट्र, 24 गुजरात; ठाण्याचा दुकानदार एका बोटाने गुजरातला! ते मी पकडलं. बाजूच्या मुली बघतच राहिल्या.

त्याच रात्री फीची पावती काढून बघितली. 2,610 रुपये जीएसटी लावलाय आणि पावतीवर जीएसटी नंबरच नाही. दुसऱ्या दिवशी सरांपुढे ठेवली. ते आधी ओशाळले, मग हसले, “ताई, फी वसूल झाली तुमची.” दोन दिवसांत नवी पावती आली.

आता ते असिस्टन्स. म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप. कोर्स संपल्यावर तीन महिन्यांत 31 जाहिराती आल्या, त्यातल्या 27 मध्ये ‘फ्रेशर’ नाहीतर ‘वय 35 पर्यंत’. प्लेसमेंटची मुलगी म्हणाली, “काकू, बायोडेटामधून बी.कॉम.चं वर्ष काढा ना, वय कळतं.” काढलं. मुलाखतीला गेल्यावर केस दिसायचे ते दिसलेच.

मुलाखत एकच झाली. माझ्या मुलाच्या वयाचा मुलगा. “मॅडम, वीस वर्षांचा गॅप?” मी सांगितलं, 64 फ्लॅटच्या सोसायटीची आठ वर्षं खजिनदार आहे, ऑडिटरचा एकही शेरा नाही. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. उलटं वाचायची सवय जुनी आहे माझी. लिहिलं होतं, ‘अनुभव नाही’.

बॅचमध्ये पन्नाशीच्या आसपासच्या आम्ही नऊजणी होतो, एक तर एम.एस्सी. केमिस्ट्री. पाचजणींनी शोधणं सोडलं. सरकारी पाहणीत काम शोधणारी किंवा मिळालं तर करायला तयार असणारीच बेरोजगार धरतात, त्यामुळे नाद सोडलेल्या या पाचजणी आता तिथेही नाहीत.

मी सध्या जांभळी नाक्यावरच्या एका मसालेवाल्याचा हिशेब बघते, महिना 2,000. तो क्लासने नाही, माझ्या भाजीवालीने मिळवून दिला.

पाचपैकी साडेतीन तारे. जाणार असाल तर दुपारची बॅच घ्या, गर्दी कमी असते आणि सर सावकाश सांगतात. आणि पावतीवरचा नंबर बघून घ्या, 27 ने सुरू व्हायला हवा.