शनाँसो की शोमाँ?

फ्रान्समधले हे दोन शातो, म्हणजे महालवजा गढ्या, एकाच भांडणात अडकले. राजा दुसऱ्या आन्रीने १५४७ मध्ये शनाँसो आपल्या प्रेयसीला, दियान द प्वातियेला दिला. तिने शेर नदीवर पूल बांधून घेतला. १५५९ मध्ये राजा गेला आणि राणी कॅथरीन द मेदिचीने शनाँसो काढून घेत दियानच्या हाती शोमाँ ठेवला. मग त्याच पुलावर कॅथरीनने साठ मीटर लांबीचं दालन चढवलं. खिडकीतून वाकलं की खाली थेट पाणी.

शोमाँ ल्वार नदीकाठच्या उंचवट्यावर, जाड गोल बुरुजांचा, गडासारखा. भिंतीवर दियानचं चिन्ह असलेल्या चंद्रकोरी अजून कोरलेल्या दिसतात. देखणा शनाँसोच, पण माझा जीव या चंद्रकोरींपाशी जास्त रमतो.