शाईविना ठसा-किट : गेलेल्या बाळासाठी घ्यावं का?

ऑनलाइन मिळणारी पाऊलठशांची किटं बारशाच्या भेटीसाठी बनवलेली असतात. कागदावर फुगे, टेडी आणि ‘माय फर्स्ट प्रिंट’ छापलेलं असतं. जन्मजात व्यंगामुळे बाळ गेलेल्या घरात ती चौकट पाहवत नाही, म्हणून छापील भाग कात्रीने आधीच कापून टाकावा. तरीही आमचा कौल असा : शाईविना वाइप आणि कोटेड कागद असलेलं किट जरूर घ्या, मातीचं घेऊ नका. बाळ घरी आलंच नसेल तर पुढे आईबापांच्या हाती दुसरं फारसं काही उरत नाही.

वाइपमध्ये रंगहीन द्रव असतो, तो कागदावरच्या लेपाला लागला की काळा ठसा उमटतो. त्यामुळे त्वचेला रंग लागत नाही आणि घासून धुवावं लागत नाही. पोटातच गेलेल्या बाळाची कातडी लगेच सुटते, तिथे हे फार मोलाचं. पाऊल आधी कोरड्या कापसाने टिपून घ्या, कारण पांढरा चिकट थर राहिला तर ठसा तुटक येतो. मग वाइप एकदाच फिरवा. जास्त ओलं झालं तर रेषा पसरतात. कागदाची एकच बाजू चालते, म्हणून कोपऱ्यात वाइप फिरवलेलं आपलं बोट टेकवून तपासा. कागदाखाली पुठ्ठा धरून टाचेकडून बोटांकडे दाबत न्या. वीस आठवड्यांचं पाऊल तीन-साडेतीन सेंटीमीटरच असतं, तेव्हा एका कागदाचे चार तुकडे करून चार संधी मिळवता येतात.

व्यंग असेल तर थोडं वेगळं करावं लागतं. पाय आत वळलेला असेल तर तो सरळ करू नका, पुठ्ठ्यासकट कागदच तळव्याला लावा. कवटी नीट बनलेली नसेल तर फोटोआधी लोकरीचं टोपडं घाला. शवचिकित्सा ठरली असेल तर ठसे तिच्या आधी घ्या. जनुकीय तपासणी करायची असेल तर बाळाचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या द्रवात, जाण्यापूर्वी डॉक्टरांना तसं सांगा, कारण फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो.

मातीच्या किटला जोर लावावा लागतो, आणि नाजूक कातडीला तोच सोसत नाही. शिवाय गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती माती धड वाळत नाही. वर कोरडी दिसते, आत ओल राहते, मग बुरशी धरते. हातापायाचा त्रिमितीय साचा घ्यायची, पाण्यात कालवायची अल्जिनेट पावडर चांगली, पण सरावाच्या हातांसाठी. कोमट पाण्यात ती पटकन घट्ट होते. मे महिन्यात टाकीचं पाणी तापलेलं असतं, तेव्हा गार पाणीच घ्यावं लागतं.

ठसे प्लास्टिकच्या पाकिटात कोंडून कपाटात ठेवू नयेत. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यात त्या बदला आणि लगेच स्कॅन करून ठेवा. सोनोग्राफीची प्रिंट थर्मल कागदावर असते. ती लॅमिनेट केली तर उष्णतेने काळी पडते, म्हणून तिचाही फोटो काढून ठेवावा.

‘गेलेल्या पोराचं काही घरात ठेवू नये’ असं आजी-आजोबा म्हणतात. त्यावर भांडत बसण्यापेक्षा डबा काही काळ मावशीकडे ठेवणं बरं. आईला बाळ पाहायचं नसेल तर आग्रह नको. नर्सने किंवा आत्याने ठसे घेऊन पाकीट बंद करावं, ते सहा महिन्यांनी उघडलं तरी चालतं.

किटमधल्या माहितीपत्रकात मात्र एक मोठी उणीव आहे. प्रसूतीनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध येतं, बाळ नसलं तरी येतं, आणि बहुतेक आयांना हे कुणी सांगितलेलं नसतं. नीट बसणारी, आधार देणारी ब्रा आणि गार शेक यांनी आराम पडतो. दूध पिळून रिकामं करत राहू नये, नाहीतर ते वाढतं. ते थांबवायच्या गोळीबद्दल डिस्चार्जपूर्वी डॉक्टरांना विचारावं. झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त उडाली किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं. बांबोळीत गोमेकॉबरोबरच (गोवा मेडिकल कॉलेज) मानसोपचार संस्थाही आहे. वडिलांनीही फोन करावा, त्यांची चौकशी सहसा कुणी करत नाही.

व्यंग अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये कळलं असेल तर किट तेव्हाच मागवा. कुरिअरला वेळ नसेल तर म्हापसा, मडगाव कुठल्याही स्टेशनरीतलं काळं स्टॅम्प पॅड आणि जाड पांढरा कार्डपेपर आणा. शाई अगदी पातळ लावा आणि नंतर पाऊल घासू नका, ओल्या कापसाने टिपा.